तेरड्याचा रंग किती दिवस?

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. शाळेत 'म्हणीचा अर्थ सांगा' या प्रश्नात ती हमखास येत असे, आणि आम्ही ठरलेले उत्तर लिहीत असू – 'कोणत्याही गोष्टीचा ताजेपणा थोडाच काळ टिकतो.' दोनपैकी दोन मार्क मिळत. मात्र उत्तर लिहिणाऱ्या आमच्या साठ जणांच्या वर्गात तेरडा लावून पाहिलेला एकही विद्यार्थी नव्हता. आणि उत्तर तपासणाऱ्या बाईंनीही तो कधी लावला असेल असे मला वाटत नाही. लावला असता तर त्यांनी एक मार्क तरी खचित कापला असता!

कारण तेरड्याचे एखादे फूल तीन दिवसांत गळत असेल, पण तेरड्याचे झाड तीन दिवसांत आटोपत नाही. खालच्या पानाच्या बगलेतले फूल गळते तोवर वरच्या पानाच्या बगलेत कळी तयार असते. श्रावणात सुरू झालेला हा कारभार पितृपक्षापर्यंत सहज चालतो. म्हण करणाऱ्याने फुलाकडे पाहिले, झाडाकडे पाहिले नाही, एवढाच याचा अर्थ.

प्रस्तुत लेखात मला या तेरड्याचे आणि त्याच्या जातभाईंचे वकीलपत्र घ्यावयाचे आहे. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, कोंबडा, सदाफुली, चिनी गुलाब – ही सारी बियांवरून किंवा एखाद्या तुकड्यावरून येणारी, हंगामभर फुलणारी आणि जवळजवळ फुकट मिळणारी फुलझाडे. माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्याच्याजवळ जमीन नाही, पैसा बेताचा आहे आणि वेळही थोडा आहे, त्याने रोपवाटिकेतून फुललेली कुंडी विकत आणू नये, बी पेरावे. आणि आपल्या महाविद्यालयानेही हेच करावे. हे मत मी पुस्तक वाचून बनविलेले नाही. एक मोठी चूक करून बनविले आहे. ती चूक आधी सांगतो.

जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, आमची बैठी चाळ होती. दाराशी दोन हातांचा ओटा आणि ओट्याच्या कडेला वीतभर माती. तेवढ्या मातीत आजीचा तेरडा असे. जून लागला की तो आपला आपण उगवे. तो मुद्दाम लावावा लागतो, ही कल्पनाही आम्हां मुलांना नव्हती. पुढे चाळ पाडली गेली. काही वर्षे आम्ही भाड्याच्या खोलीत काढली. तिथेही आजीने तेलाच्या एका डब्यात तेरडा टिकवला. २०२३ च्या अखेरीस आम्ही पुनर्वसनाच्या नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, २६९ चौरस फुटांच्या घरात राहावयास आलो. घर पक्के आहे, नळ घरात आहे, संडास घरात आहे. ज्यांनी पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहण्याचे दिवस काढले आहेत, त्यांना या तीन वाक्यांची किंमत कळेल. म्हणून नव्या घराची निंदा मी करणार नाही. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या दिवशी आजी खिडकीशी बसून म्हणाली, "पाऊस आला म्हणतोस, पण मला वास कुठं आला?" अकराव्या मजल्यावर पाऊस येतो तो काचेवर येतो. मातीचा वास तिथवर चढत नाही.

मग तिने आपल्या ट्रंकेतून काड्यापेटी काढली. आत जुन्या ओट्यावरच्या तेरड्याचे बी होते – मोहरीपेक्षा थोडे मोठे, तपकिरी. म्हणाली, "तू कॉलेजात जातोस. तू लाव." कॉलेजात जाणे आणि तेरडा लावणे यांचा संबंध मला तेव्हा कळला नाही, परंतु मान मोठा होता. मी आइस्क्रीमचा एक रिकामा डबा घेतला, त्यात माती भरली, बी टाकले आणि सकाळ-संध्याकाळ भक्तिभावाने पाणी घातले. पाचव्या दिवशी कोंब आले. आठव्या दिवशी दोन-दोन पानांची ती पलटण पाहून मला धन्य वाटले. त्याच आठवड्यात युवा महोत्सवाच्या एकांकिकेच्या तालमी सुरू झाल्या. मी दोन दिवस डब्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी पाहिले, तर सगळी रोपे मातीलगत मानेत कुजून आडवी झाली होती. डब्याला खाली भोके पाडावयाची असतात, हे मला ठाऊकच नव्हते! वर घातलेले पाणी आत साचून मातीचा चिखल झाला होता आणि मुळांना श्वास घ्यावयास जागा उरली नव्हती. आजोबांच्या काळापासून चालत आलेले ते बी मी पंधरवड्यात संपविले.

आजीला सांगावयास माझी जीभ रेटेना. रात्री जेवणे झाल्यावर सांगितले. ती काही बोलली नाही. उठली, ट्रंक उघडली आणि दुसरी काड्यापेटी काढली. "सगळं बी कधी एकदम पेरायचं नसतं रे. निम्मं पेरायचं, निम्मं ठेवायचं. पाऊस काय आपला नोकर आहे?" तिने पहिल्याच दिवशी निम्मे बी बाजूला ठेवले होते. नातवाची लायकी ओळखून ठेवले, की जन्माची सवय म्हणून ठेवले, हे मी तिला विचारले नाही.

दुसऱ्या वेळी डब्याला सहा भोके पाडली. त्या भाद्रपदात आमच्याकडे गौर आली ती आमच्याच खिडकीतल्या तेरड्याची. कोकणातल्या पुष्कळ घरांत तेरड्याची रोपे हीच गौर असते, आणि मुंबईत त्यासाठी स्टेशनबाहेर तेरड्याच्या जुड्या विकत घ्याव्या लागतात. तेव्हा आजीला झालेला आनंद हा निव्वळ शोभेचा आनंद नव्हता. अर्थात तेरड्याने तिचे गुडघे बरे झाले किंवा तिला चाळ परत मिळाली, असे मी म्हणणार नाही. ती खिडकीशी बसते तेव्हा तिला काहीतरी काम असते, एवढे मात्र खरे.

या प्रकारानंतर मित्रांनी माझे नाव 'माळीबुवा' ठेवले. नाव पडलेच आहे तर निदान चार गोष्टी शिकून घ्याव्यात, म्हणून दोन वर्षे मी हा उद्योग वाढविला. त्यातून जे हाती आले ते विद्यार्थिमित्रांच्या उपयोगासाठी देतो.

पहिली गोष्ट हंगामाची. मुंबईत हंगामी फुलांचे दोन मुख्य काळ : एक जूनचा, दुसरा ऑक्टोबरचा. तेरडा, कोंबडा आणि पिवळा-केशरी कॉसमॉस जूनमध्ये पेरावेत. ही मंडळी पावसाला भीत नाहीत. झेंडू पेरल्यापासून फुलावयास सुमारे दोन-सव्वादोन महिने घेतो. म्हणून दसऱ्याला फूल हवे असेल तर जुलैच्या मध्यापर्यंत बी मातीत गेलेच पाहिजे, आणि रोप लहान असताना त्याला धो-धो पावसापासून आडोसा हवा. झिनिया आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पानांवरच्या बुरशीने खराब होतो, म्हणून तो ऑक्टोबरच्या शेवटी पेरावा; दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांत फुलू लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. सदाफुली आणि चिनी गुलाब यांना कडक ऊन मानवते. परीक्षेच्या महिन्यांत बाकी सारे सुकते, तेव्हा ही दोघेच आपली सोबत करतात. पिटुनिया, पॅन्सी यांच्या नादी मात्र लागू नये. त्यांचे बी बारीक आणि महाग, आणि त्यांना लागणारा हिवाळा मुंबईत येतो तोच पाहुण्यासारखा.

दुसरी गोष्ट भांड्याची व मातीची. कुंडी विकत घेण्याचे कारण नाही. तेलाचा पत्र्याचा डबा, रंगाची बादली, मासळीवाल्याकडचे थर्मोकोलचे खोके, दुधाची पिशवी – काहीही चालते. भोके मात्र हवीत, हे मी स्वानुभवाने सांगतो! मातीत निम्मा पालापाचोळा आणि कुजलेले शेणखत मिसळावे. नुसती लाल माती डब्यात दगडासारखी बसते. चहाची पूड साखर धुऊन, वाळवून घालावी. खत फार घालू नये. झाड पानांनी माजते आणि फुले देत नाही. लाडावलेला विद्यार्थी आणि त्याचे मार्क यांच्यासारखेच हे आहे.

पालापाचोळ्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. महाराष्ट्रात या विचाराला मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि शेतकऱ्यांना व शहरी लोकांना सांगितले की, ऊन, पाणी आणि टाकाऊ काडीकचरा यांतून माती आपण स्वतः घडवू शकतो. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचे पुस्तक. त्यांचीच रीत वापरून प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, रोजच्या भाजीपाल्याच्या कचऱ्यातून, बाग उभी केली. गोदीच्या सिमेंटवर जे होऊ शकले ते जोगेश्वरीच्या खिडकीत होणार नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्याला तर फक्त एक डबा भरावयाचा आहे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, फूल खुडण्याची. हंगामी झाडाचे सारे आयुष्य एका हेतूसाठी असते : मरण्यापूर्वी बी मागे ठेवणे. बी तयार झाले की झाडाचे काम संपते आणि ते फुलणे थांबविते. म्हणून झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांची वाळू लागलेली फुले ताबडतोब खुडावीत. मग झाड पुन्हा नव्या कळ्या धरते. झेंडूचे रोप वीतभर झाले की त्याचा शेंडाही खुडावा. एका काडीच्या जागी चार फांद्या येतात आणि फुले चौपट होतात. आपल्याला हे जरा निर्दयपणाचे वाटते. मलाही वाटले होते. परंतु आठवडाभर खुडलेला एक डबा आणि न खुडलेला एक डबा शेजारी ठेवून पाहा; वाद घालावा लागणार नाही. हंगाम संपत आला की मात्र हात आवरावा आणि उत्तम झाडावरची चार उत्तम फुले बियांसाठी ठेवावीत. ती झाडावरच वाळू द्यावीत, बी काढून सावलीत सुकवावे, कागदाच्या पुडीत घालावे – प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे, तिच्यात दमटपणा राहतो – आणि पुडीवर नाव व तारीख लिहावी. तेरड्याची बोंडे तर फार लक्ष ठेवून काढावी लागतात. ती पिकली की बोट लागताच फुटतात आणि बी चौफेर उडते. शास्त्रज्ञांनी या कुळाला 'इम्पेशन्स' म्हणजे 'अधीर' असे नाव दिले आहे ते उगीच नाही. आजी बोंडाखाली तळहात धरून मगच त्याला बोट लावते.

आता जमाखर्च. गेल्या वर्षीचा माझा खर्च : झिनियाचे पाकीट ३० रुपये, कॉसमॉसचे ३० रुपये, लाल मातीची थैली ८० रुपये, एकूण १४० रुपये. चिनी गुलाबाच्या चार काड्या शेजारून मिळाल्या. हे झाड काडी खोचली तरी लागते. सदाफुलीचे रोप गटाराच्या कठड्यावरून उपटून आणले. झेंडूचे बी दसऱ्याच्या तोरणातून काढले. या शेवटच्या युक्तीबद्दल एक सूचना : तोरणातली सगळीच बिये पिकलेली नसतात, आणि हल्लीचा बाजारी झेंडू बहुधा संकरित असतो, तेव्हा निम्मे उगवेल, आणि फूल आईबापांवर जाईलच असे नाही. पण फुकटच्या बियांकडून एवढी अपेक्षा धरू नये. या १४० रुपयांत ऑगस्ट ते मे एकही महिना आमची खिडकी फुलांवाचून राहिली नाही. या वर्षी तर बियांचा खर्च शून्य आहे.

यावर कोणी म्हणेल, ही सारी परदेशी फुले. आक्षेप खरा आहे. झेंडू, झिनिया, कॉसमॉस हे तिघेही मेक्सिकोकडचे. चिनी गुलाब चीनचा नव्हे, दक्षिण अमेरिकेचा. सदाफुली मादागास्कर बेटावरची. झेंडू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आला असे मानतात. पण आज झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही. तिकडे मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबरला लोक आपल्या मृत आप्तांची आठवण करतात तीही झेंडूच वाहून. सदाफुलीपासून १९५० नंतरच्या काळात कॅन्सरवरची औषधे निघाली. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर त्यांपैकी एक आजही वापरतात. (म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावू नयेत, झाड विषारी आहे.) झिनियाने तर कमाल केली. जानेवारी २०१६ मध्ये तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात फुलला. तिथेही आधी पाणी जास्त होऊन रोपांना बुरशी लागली होती. मग स्कॉट केली या अंतराळवीराने, पाणी केव्हा घालावयाचे ते झाडाकडे पाहून मी ठरवीन, असा आग्रह धरला आणि उरलेली रोपे वाचविली. हे वाचले तेव्हा माझ्या आइस्क्रीमच्या डब्याचे दुःख बरेच हलके झाले. सांगावयाचा मुद्दा असा की, फूल कुठून आले यापेक्षा ते कुठे रुजले याला महत्त्व आहे. आपणा जोगेश्वरीकरांपैकी तरी मूळचे जोगेश्वरीचे किती जण आहेत?

आणि तेरडा तर आपल्याच देशाचा. त्याच्या रानातल्या एका भावाला पाहण्यासाठी लोक साताऱ्याजवळच्या कास पठारावर प्रवेशशुल्क भरून जातात. आमच्या मजल्यावरच्या खाला आमच्या तेरड्याला 'गुलमेहंदी' म्हणतात. त्यांच्या लहानपणी याची पाने-फुले वाटून नखे रंगवीत, असे त्यांनीच आजीला सांगितले. कोरियातल्या मुलीही याच फुलाने नखे रंगवतात, असे मी पुढे वाचले. खालांनी आमच्याकडचे बी नेले आणि आजीला चिनी गुलाबाच्या काड्या दिल्या. वर जमाखर्चात 'शेजारून मिळाल्या' असे लिहिले आहे, त्या याच. दोन घरांत तोवर दाराआडचे हसणे तेवढे होते.

दुसरा आक्षेप आमच्या सोसायटीने घेतला. पॅसेजमध्ये कुंड्या ठेवू नयेत, खालच्या मजल्यावर पाणी गळते, खिडकीतून डबा पडला तर जबाबदार कोण, अशी सूचना फळ्यावर लागली. मला प्रथम फार राग आला. दोन दिवसांनी राग ओसरल्यावर ध्यानात आले की, तिन्ही मुद्दे बरोबर आहेत! आग लागली तर पॅसेज मोकळा हवा, आणि अकराव्या मजल्यावरून पडलेला झेंडू खालच्या माणसाला फूल म्हणून लागणार नाही. मी डबे ग्रिलच्या आत घेतले, तारेने बांधले आणि खाली ताटल्या ठेवल्या. मग महापालिकेचा माणूस डेंग्यूचे डास शोधत आला. त्याने साचलेल्या पाण्याच्या ताटल्यांवर बोट ठेवले. आता ताटल्यांत वाळू आहे. तात्पर्य, हौस करताना शेजाऱ्याचा विचार केला की हौस थोडी लहान होते, पण टिकते. कबुतरांशी मात्र आमची तडजोड झालेली नाही. त्यांच्यासाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावला आहे, आणि आजी जातीने पहारा करते.

तिसरा आक्षेप विचारी मित्रांचा : 'फुलेच कशाला? झाडे लावा. हवा सुधारेल, सावली मिळेल.' झाडे जरूर लावावीत. आरे कॉलनीच्या शेजारी राहणाऱ्याला झाडांचे मोल निराळे सांगावयास नको. पण दर जुलैत आपण झाडे लावतो तेव्हा खरे काय होते? खड्डा असतो, पाहुणे असतात, फोटो असतो. रोपाला दुसऱ्या दिवशी पाणी कोणी घातले, हे कोणत्याही फोटोत दिसत नाही. झाड दहा वर्षांनी मोठे व्हावयाचे. तोवर आपली चूक दाखवून द्यावयास कोणी उरत नाही. हंगामी फूल तसे नाही. आज पाणी विसरलात तर उद्या ते मान टाकते. दोन महिने सांभाळलेत तर तिसऱ्या महिन्यात हिशेब चुकता करते. जबाबदारी शिकावयास याहून स्वस्त शाळा मला ठाऊक नाही. ज्याला एक तेरडा सप्टेंबरपर्यंत नेता येतो, त्याच्या हाती वडाचे रोप द्यावयास हरकत नाही.

आता आपल्या महाविद्यालयाकडे वळतो. आपण मराठीचे विद्यार्थी बालकवींच्या 'फुलराणी'वर दहा मार्कांचे उत्तर लिहितो. दुर्गाबाई भागवतांचे १९५६ साली प्रसिद्ध झालेले 'ऋतुचक्र' संदर्भग्रंथ म्हणून ग्रंथालयातून नेतो. पण कॉलेजच्या कुंपणाशी पावसाळ्यात आपोआप उगवणारा तेरडा आणि कुर्डू यांतला फरक सांगा म्हटले, तर आमच्यातले नऊ जण खाली मान घालतील. दोन वर्षांपूर्वी मीही घातली असती. दुसरीकडे प्रत्येक समारंभात पाहुण्यांना चकचकीत कागदात गुंडाळलेला गुच्छ देतो. पाहुणे तो टेबलावर विसरून जातात. संमेलनाला शोभेच्या कुंड्या भाड्याने आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत करतो. एका गुच्छाच्या पैशांत वर्षभराचे बी येते, हे वरच्या हिशेबावरून दिसेल.

म्हणून माझी सूचना अशी : ग्रंथालयात एक लहानसे बियांचे कपाट असावे. जूनमध्ये विद्यार्थ्याने ओळखपत्र दाखवून एक पुडी न्यावी, घरी किंवा कॉलेजच्या आवारात पेरावी, आणि जानेवारीत दोन पुड्या परत कराव्यात. एक आपली, एक पुढच्या वर्षी येणाऱ्याची. पुडीवर फुलाचे नाव, वर्ष आणि कुठे वाढले ते लिहावे : मेघवाडी, बेहरामबाग, मजास, श्यामनगर. पुडी परत आली नाही तर दंड नको; फक्त रोप कशाने मेले ते चार ओळींत लिहून द्यावे. माझे चार ओळींचे निवेदन आइस्क्रीमच्या डब्याबद्दल तयार आहे, ते पहिले म्हणून लावावे. आणि पाहुण्यांना गुच्छाऐवजी त्याच कपाटातली एक पुडी द्यावी. पाहुण्यांना ती खिशात घालता येईल. विसरले तरी नुकसान नाही.

या योजनेला पैसे लागत नाहीत, ठराव लागत नाही. एक कपाट आणि पत्त्यांचा कॅट जपावा तशी पुड्या जपणारे दोन विद्यार्थी पुरे. मला स्वतःला एक गोष्ट गमतीची वाटते. हंगामी फुलाचे वर्ष आणि आपले शैक्षणिक वर्ष एकाच महिन्यात सुरू होतात. आपणही जूनमध्ये येतो, चार पावसाळे येथे काढतो किंवा तीन, आणि जातो. महाविद्यालयाच्या दृष्टीने आपण सारे हंगामीच. फळ्यावरचे आपले नाव पुढच्या वर्षी पुसले जाईल. तेव्हा आपण किती दिवस टिकलो, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. जाताना पुडीत काय ठेवून गेलो, हा आहे.

परवा मी आजीला ही म्हण ऐकवली आणि तिचे मत विचारले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तीन दिवस? ज्यानं म्हटलं त्यानं पाणी घातलं नसेल."

शाळेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर आज लिहावयाचे झाले तर मी हेच लिहीन. मार्क किती मिळतील ते प्राध्यापकांनी ठरवावे. तूर्त एवढेच सांगतो की, आजीच्या काड्यापेटीत या वर्षीचे निम्मे बी शिल्लक आहे, आणि कपाट झाले तर त्यातली पहिली पुडी आमच्या घरची असेल.